घरात शिरलेला चकवा

बाबाला चकवा लागला, असं आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी मोठ्याने हसले. म्हटलं, "आये, कुणाला लागला म्हनतेस? बाबाला?" पोलीसपाटलाच्या घरात चोरी व्हावी, तशी ती बातमी होती. सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या पाड्यावर चकव्याचा बंदोबस्त करणारा माणूस एकच, तो म्हणजे माझा बाप, कान्हा.

चकवा म्हणजे काय, ते आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. रानातली रोजची पायवाट एकाएकी अनोळखी होते. माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो. वाट फिरवणारा कुणीतरी रानात असतो, तोच चकवा. त्याला उपाय एकच. पळायचं नाही, आहे तिथे बसायचं, अंगातला सदरा काढून उलटा घालायचा आणि जीव शांत झाल्यावर उठायचं. उलट्या सदऱ्यातला माणूस चकव्याला ओळखू येत नाही म्हणे. मला सापगावला दिली, शहापुरात मी शिलाईचं दुकान थाटलं आणि या गोष्टींवरचा माझा विश्वास उडाला. निदान दुकानात बसलेली असताना तरी.

गडावर सुट्टीच्या दिवशी शहरातली पोरं येतात, फोटो काढत काढत जंगलात शिरतात आणि ऊन उतरायला लागलं की घाबरून फोन करतात. तो फोन फिरत फिरत आमच्या ओटीवर येतो. मग बाबा कमरेला कोयता लावायचा, पायात टायरच्या चपला सरकवायचा आणि निघायचा. तासा-दोन तासांत पाच-सहा रडवेली पोरं मागे घेऊन परत. त्यांना ओटीवर बसवून कोरा चहा पाजायचा आणि वर चिडवायचा, "आईला सांगून आल्यात का रं, का तसंच?" पोरं लाजेने खाली बघायची. बाबाला या कामाचा भारी अभिमान होता. तोंडाने कधी बोलायचा नाही, पण त्या दिवशी जेवताना एक भाकरी जास्त खायचा.

रानाची त्याला भीती नव्हती, वाघाची नाही, सापाची नाही. एकच विषय घरात काढायचा नसायचा. तो म्हणजे त्याचा थोरला भाऊ, चांगो. चांगोकाकाचं डोकं म्हातारपणी गेलं. आधी माणसांची नावं विसरायला लागला, मग जेवलो की नाही ते, मग कुठेही चालत सुटायला लागला. लोक म्हणायचे, वारं लागलंय. हळूहळू त्याच्याजवळ कुणी बसेना. पोरं लांबून खडे मारायची. शेवटी त्याच्या पायाला दावं लावून गोठ्याच्या खांबाला बांधत. एके दिवशी ते दावं सुटलं. चार दिवस पाडा शोधत होता. काका कड्याखाली सापडला, आणि तोही बाबालाच. त्यानंतर त्याचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

तर असा माझा बाप एकदा भातकापणी उरकल्यावर हिरडा गोळा करायला गेला आणि दिवेलागणीला उलटा सदरा घालून परत आला. ओटीवर गर्दी जमली. बाबाने गोष्ट रंगवून सांगितली. कसा तो एकाच उंबराखाली तीनदा आला, कसा बसला, कसं चकव्याला फसवलं. लोक पोट धरून हसले. आईने वेशीवरच्या वाघोबाला नारळ फोडला आणि कोंबडा कबूल केला.

नंतर पुन्हा लागला, आणि पुन्हा. आई फोनवर सांगायची तेव्हा तिचा आवाज दर वेळी बारीक व्हायचा. मध्येच दुसरंच काहीतरी सांगायची. "त्याच्या पावलांना सूज हाय गो, चपला चढत नाय. आडवा झाला का दम लागतो. तांदळाच्या गोणीला टेकून बसल्या बसल्या झोपतो."

मी म्हणायचे, "दवाखान्यात ने त्याला. आदल्या वर्षी शाळेत शिबिर झालं तेव्हा ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घेतो का?"

"देवाचं चालू हाय ना. नवस फिटंस्तवर गोळी चालत नाय. कोनाड्यात ठेवल्यात."

मी चिडायचे. माझा राग नाकावर असतो, हे सासरी-माहेरी सगळ्यांना माहीत आहे. चिडून मी फोन ठेवायचे आणि मग दिवसभर मशीनवर उलटसुलट टाके पडायचे.

माघ महिन्यात मीच गेले. माझा नवरा जगदीश शहापूरच्या एसटी स्टँडवरून सीटा भरून इको गाडी चालवतो. त्याने त्या दिवशीच्या सीटा सोडल्या आणि आम्ही किन्हवली, सरळगाव करत मुरबाडच्या पुढे पाड्यावर पोचलो. बाबा अंगणात उन्हाला बसला होता. मला बघून हसला, "आली का गो माझी भवानी!" जगदीशला म्हणाला, "या जावय, बसा." सगळं नेहमीसारखं. फक्त त्याचा सदरा उलटा होता. शिवणी बाहेर, आतला खिसा बाहेर लोंबणारा. भर दुपारी, स्वतःच्या अंगणात.

मी शिवणकाम करणारी बाई, माझ्या डोळ्याला ते आधी दिसलं. म्हटलं, "बाबा, हे काय? कुठे निघालास?"

"असू दे," तो म्हणाला. "आधीच घातलेला बरा. मागाहून धांदल व्हते."

जगदीशला हसू आलं. मलाही यायला हवं होतं. पण बाबाचे ओठ जरा निळसर दिसत होते आणि बोलताना दोन शब्दांमध्ये तो श्वास घेत होता. मी आईकडे बघितलं. तिने नजर चुकवली आणि चुलीकडे गेली.

जेवणं झाली. बाबा हात धुवायला मागल्या पडवीत गेला. तिथून माजघरात यायचं म्हणजे चार पावलं. मी भांडी गोळा करत होते. बराच वेळ झाला तरी तो आत येईना म्हणून डोकावून बघितलं. बाबा पडवीच्या मधोमध उभा होता. एक हात भिंतीवर. समोर दार होतं, उघडं. दारातून चूल दिसत होती, चुलीपाशी बसलेली आई दिसत होती. तो त्या दाराकडे बघत होता आणि त्याला ते दार दिसत नव्हतं. मग त्याने सदरा काढला, सुलटा केला आणि घातला. जरा थांबला. पुन्हा काढला, उलटा केला, घातला. बाहीत हात जात नव्हता.

"बाबा, काय करतोस?"

तो माझ्या आवाजाने दचकला. म्हणाला, "वाट घावत नाय गो."

माझ्या हातातलं ताट खाली पडलं. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. मी काविळीत मरायला टेकले होते तेव्हाही नाही. कारण लहानपणी रात्री मी चकव्याच्या भीतीने रडायचे, तेव्हा यानेच मला मांडीवर घेऊन सांगितलं होतं की चकवा रानातला, तो उंबरा ओलांडत नाही, घरात कुणाला चकवा लागत नाही. पाड्यावरच्या प्रत्येक पोराला त्याने हे सांगितलं होतं.

आई धावत आली. तिने बाबाला हाताला धरून आत आणलं, बसवलं, आणि मग मला बाजूला ओढून कुजबुजली, "घरात शिरलाय तो. आता भगताला बोलवाया पायजे. मोठा मान द्यावा लागंल."

"आये, घरात चकवा येतो का? तूच सांग. कधी ऐकलंस?"

"म्हनूनच सांगते, ह्यो साधा नाय."

"साधा नाहीच! चांगोकाकाचं काय झालं ते आठव!"

आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिचा हात बर्फासारखा गार होता. तिथे मला कळलं की तिलाही ते कधीचंच आठवलेलं आहे, आणि कोंबडे, नारळ, नवस हे सगळं त्या आठवणीवर घातलेलं पांघरूण आहे. मग माझं भांडायचं बळच गेलं. आम्ही दोघी मायलेकी पडवीत एकमेकींना धरून उभ्या होतो, आणि आत बाबा जगदीशला उंबराखालची गोष्ट रंगवून सांगत होता.

शेवटी भगताला सांगायचं काम आईवर सोडलं आणि बाबाला "चार दिवस सापगावला चल, जावई नेतोय" असं सांगून गाडीत घातला. वाटेत त्याने दोनदा विचारलं, कुठे चाललोय. दोन्ही वेळा मी सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, नुसता माझ्याकडे बघून हसला. ते हसणं मला ओळखीचं वाटलं. गडावरून आणलेली पोरं अशीच हसायची, आपण घाबरलो नव्हतो हे दाखवायला.

शहापूरला एका दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाईतली नव्हती. तिने छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली, छातीचा फोटो आणि सोनोग्राफी केली. डोक्याच्या स्कॅनला जगदीश त्याला कल्याणला घेऊन गेला. मग तिने बाबाला गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"आजोबा, आत्ता कुठला महिना चालू आहे?"

"थंडीचा," बाबा म्हणाला. "तुमाला थंडी वाजत नाय का?"

"तुमच्या पाड्याचं नाव काय?"

"आमच्या पाड्याचं नाव कशाला इचारता? या एकदा, कोरा चा पाजतो, नाव तिथंच सांगन."

ती हसली. नर्सही हसली. मी हसले नाही. एकाही प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं नव्हतं. हसवून हसवून तो प्रत्येक प्रश्नाच्या बाजूने निघून जात होता. ओटीवरच्या त्या रंगवलेल्या गोष्टी, उंबर, तीन फेऱ्या, चकव्याची फजिती, ते सगळं असंच होतं की काय? किती महिने तो हे करत होता?

बाबाला वॉर्डातल्या खाटेवर नेल्यावर डॉक्टरीणबाईने मला समोर बसवलं. म्हणाली, "वडिलांचं हृदय थकलंय आणि त्याचे ठोकेही नीट पडत नाहीत. कधी भरभर, कधी अडखळत. रक्त पुढे जोराने ढकललं जात नाही, म्हणून पायाला सूज आणि आडवं झाल्यावर दम. डोक्यालाही रक्त कमी पोचतं. आणि आत साचलेल्या रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात. त्या सुटून मेंदूत जातात आणि मेंदूचा तेवढा तेवढा भाग बंद पडतो. स्कॅनमध्ये अशा बऱ्याच जुन्या खुणा दिसतायत."

"त्याला चकवा लागला असं म्हणतो ना, तेव्हा?"

"त्यातल्या काही वेळा तेच झालं असेल."

"गेलेलं परत येईल?"

"सूज उतरली, रक्त नीट फिरायला लागलं की थोडा फरक पडेल. बंद पडलेला भाग नाही यायचा परत. पण जे शिल्लक आहे ते राखता येईल. गुठळी होऊ न देणारी गोळी आहे, ती आता कायमची. एकही दिवस चुकता कामा नये. चुकली आणि मोठी गुठळी गेली, तर अर्धं अंग जाईल, वाचा जाईल. ओळखही जाईल."

मी मान हलवली.

बाबाने त्या दिवशी गोळी घेतली नाही. नर्सने दिली, त्याने गालात धरली आणि तिची पाठ वळताच उशीखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तोंडच उघडलं नाही. मी ओरडले. जगदीशने समजावलं. पाण्यात विरघळवून दिली, तर ते पाणी त्याने खाटेखाली ओतलं. म्हणाला, "मला चकवा लागलाय. चकव्यावर गोळी नसते. गोळी आजाऱ्याला देत्यात." एवढा शहाणा माणूस, किती साध्या गोष्टीवर अडून बसला होता! सलाइनमधून काय जात होतं तेवढंच. सूज उतरत होती, दम कमी झाला होता. पण डॉक्टरीणबाईने सांगितलं, ही गोळी तोंडानेच घ्यावी लागेल, घरी गेल्यावर तर दुसरा इलाजच नाही. मी खाटेजवळ बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. तोंड वाकडं झालं का, बोलणं जड झालं का. तो झोपला की मला वाटायचं, आत्ता एखादी गुठळी निघाली असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी जगदीश जेवायला घरी गेला होता. बाजूच्या खाटा रिकाम्या होत्या. बाबा जागा झाला, उठून बसला. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग अंगावरची चादर नीट केली, पाय आत घेतले, परक्या बाईसमोर माणूस करतो तसं.

"बाई," तो म्हणाला, "तुमी हितल्याच का?"

ओरडायला तोंड उघडलं होतं, 'बाबा, मी दामिनी!' पण तो इतक्या अदबीने बघत होता की शब्द बाहेर पडला नाही. म्हटलं, "हो. हितलीच."

"मग एक सांगू का? कुनाला बोलनार नाय ना?"

"नाय बोलनार. सांगा तुमी."

त्याने दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मला चकवा-बिकवा काय लागला नाय, बाई. माझं डोकं चाललंय. मला ठावं हाय. पावसाच्या आधीपासनं ठावं हाय. पयल्यांदा म्हशीचं नाव आठवंना, मग बायकोचं. भागी तिचं नाव. आता आठवतंय बगा. काल नव्हतं."

मी वाकून त्याच्या आणखी जवळ सरकले.

"चकवा म्हटला का लोकं हसतात, जवळ येऊन बसतात. डोकं गेलं म्हटलं का कोन बसत नाय. माझा भाऊ व्हता. त्याच्या पायाला दावं मीच बांधलं, माझ्या हातानं. तो मला म्हनला, कान्हा, मी काय ढोर हाय का रं? तवा तो मला वळकत व्हता, बाई. लोकांना वाटलं, त्याला काय कळत नाय. त्याला कळत व्हतं." बाबाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्याने पुसलंही नाही. "मला लय भ्या वाटतं. रानात कंदी वाटलं नाय असं. बसून ऱ्हायलं तरी जात नाय ते."

मी त्याचा हात धरला. परक्या बाईने धरला म्हणून तो जरा अवघडला, पण हात काढून घेतला नाही.

"मग गोळी का घेत नाय तुमी? डाक्टरीण सांगते, गोळीनं राहील तेवढं राहील."

"घेतली का समद्यांना कळंल, ह्याला चकवा नाय, आजार हाय. मग लेकीला कळंल." त्याने नाक ओढलं. "माझी लेक हाय सापगावला. तोंडानं लय फटकळ, पन आतनं भित्री हाय ती. पोर असताना रडायची, तिला मांडीवर घेऊन बसायचो. तिला हे सांगू नका, बाई. तिच्या पायात बळ राह्यचं नाय."

"नाय सांगत," मी म्हटलं. "पन तिनं दिली गोळी, तर घ्याल?"

"तिनं दिली तर घेईन. तिला नाय म्हनलेलं तिला खपत नाय. चिडते. पन कुठं गेलीय? मघाशी व्हती."

मी उठले. "बघते हां," म्हणून वॉर्डाच्या दाराबाहेर गेले. बाहेर भिंतीला पाठ लावली आणि पदर तोंडात कोंबून रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू दे. मग तोंड धुतलं, केस सारखे केले. दाराशी येऊन थांबले. आत गेल्यावर त्याने पुन्हा "बाई" म्हटलं तर मी काय करणार होते? असा उंबरा मी आयुष्यात ओलांडला नव्हता. आत शिरताना मुद्दाम मोठ्याने, नेहमीसारख्या कावलेल्या आवाजात म्हटलं, "बाबा! आले मी! गोळी घेतलीस का नाय?"

त्याने मान वळवली. माझ्या तोंडावरून त्याची नजर फिरली, पुढे गेली, परत आली.

"आलीस गो?" तो म्हणाला. "किती टाइम लावलास."

मी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला धरला. त्याने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायला, आणि मी बघते आहे हे बघून तोंड उघडून दाखवलं. मग माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, "रडलीस का गो? येडी. चकवाच हाय नुसता. जाईल."

"हो बाबा," मी म्हटलं. "चकवाच आहे."

आता ती दोघं सापगावला माझ्याकडेच असतात. बाबाची सूज गेली, आडवा होऊन झोपतो, आईला नावाने हाक मारतो. रोज सकाळी त्याच्या गोळीच्या वेळी मी आधी त्याचं तोंड बघते. त्याने चादर ओढून पाय आत घेतले की गोळी तशीच मुठीत धरून अंगणात जाते, जरा थांबते आणि आवाज देत पुन्हा आत येते. बहुतेक दिवस एकदा जाऊन भागतं. काल तीनदा जावं लागलं. तिसऱ्यांदा आत आले तेव्हा तो दाराकडेच डोळे लावून बसला होता. म्हणाला, "मघापासनं एक बाई सारखी येऊन जात्येय गो. बिचारी लय घाबरलेली दिसते. तिला बसाया सांग."